पिवळी मुळी

ईशान आणि रेवा, माझ्या माहेरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये तुम्हालाही कुणीतरी घालून ठेवलं आहे, हे मला गेल्या आठवड्यात कळलं. तिथं एक फोटो आला होता. काचेच्या चौकटीत एक जुना कागद, त्यावर इंग्रजीत टाइप केलेल्या काही ओळी आणि खाली ऐटबाज सही. मुकुंदनं त्याखाली लिहिलं होतं की आपल्या पूर्वजांना जे ठाऊक होतं ते विज्ञानानं नंतर सिद्ध केलं, हा घ्या पुरावा. लगेच हात जोडलेल्यांची रांग लागली. त्या रांगेत, रेवा, मेलबर्नहून तुझा एक लाल बदाम होता. आणि ईशान, तू तर विचारलंस की ही मुळी कुरिअरनं पाठवता येईल का. तुमचा दोष नाही, तुम्हाला कुणी काही सांगितलेलंच नाही. ज्यांनी सांगायचं ते वारले किंवा हात जोडून बसले. म्हणून मी आता हे लिहायला घेतलं आहे, आणि मराठीतच लिहिते आहे, कारण यातली माणसं इंग्रजीत घातली तर ती होती त्यापेक्षा शहाणी वाटतील. अडलं तर तुमच्या बाबाला वाचून दाखवायला सांगा. तो कागद मी चांगला ओळखते. तो टाइप होत होता तेव्हा शेजारच्या मोरीवर मी परीक्षानळ्या धूत होते.

क्रमानं सांगते. आमचं गाव वसमतच्या बाजूला, आणि आमचं घर हळदीचं. हळद तुम्हाला काचेच्या बरणीत दिसते, तेव्हा ती फार सोज्वळ दिसते. आमच्याकडे ती कढईत रटरटायची, अंगणभर वाळायची, मग लोखंडी पिंपात घालून दोन माणसं ते पिंप फिरवत बसायची आणि त्याची घरघर सकाळपासून कानात असायची. त्या दिवसांत घरात पिवळं नाही असं काही उरत नसे. दाराच्या चौकटी, धोतरं, गड्यांचे तळवे, दारातलं कुत्रंसुद्धा. दह्यावर पिवळी साय धरली तरी कुणी वळून पाहिलं नसतं. हे एवढ्यासाठी सांगते, की पुढं जे घडलं ते ऐकून तुम्ही म्हणाल, इतक्या माणसांना डोळे नव्हते का? होते. पिवळ्या रंगापुरते ते निकामी झाले होते.

घरात सत्ता आबांची. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. माझी आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे मला वाढवलं ते आबांच्या बायकोनं, थोरल्या काकूनं. माझे वडील शाळामास्तर होते आणि घरात तोंड न उघडण्याचा त्यांचा नियम होता. मला नांदेडला सायन्स शिकायला पाठवलं, हीच काय ती त्यांनी आयुष्यात केलेली बंडखोरी. आबा शेतीही करत, पण त्यांची खरी मिरास रविवारची. दर रविवारी आमच्या ओट्यावर काविळीचं औषध मिळे. सिद्धेश्वरच्या धरणाकडून, औंढ्याकडून, पार कळमनुरीच्या पलीकडून माणसं येत. आबा प्रत्येकाची खालची पापणी अंगठ्यानं ओढून बघत, "हं" म्हणत आणि कागदात बांधलेली एक पिवळी मुळी हातावर ठेवत. ताकात उगाळून अनशापोटी घ्यायची. एक नारळ द्यायचा, बाकी काही नाही. आणि पथ्य: तेल नाही, तिखट नाही, आणि हळद तर नखाएवढीसुद्धा नाही. "पिवळ्या रोगात पिवळं पोटात गेलं की खेळ खलास," हे वाक्य आबा इतक्या गंभीरपणे म्हणत की आलेल्या माणसाला वाटे, आपण अर्धे मेलोच होतो, थोडक्यात वाचलो. हळदीच्या गावात बिनहळदीचं जेवण शिजवायचं म्हणजे भांडी वेगळी, पळी वेगळी, चूलसुद्धा वेगळी. बरीचशी कावीळ आपली आपण उतरते, हे मला पुढं पुस्तकात सापडलं. आबांना ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. जे बरे होत ते नारळ घेऊन परत येत, आणि जे बरे होत नसत ते परत येत नसत, त्यामुळे आबांच्या हिशेबी औषध कधी चुकलंच नाही.

त्या मुळीचं नाव घ्यायचं नाही असा नियम होता. नाव घेतलं की गुण जातो. ती आणायची फक्त घरच्या थोरल्या सुनेनं, म्हणजे काकूनं. अमावास्येच्या सुमाराला ती एकटीच रानात जाई, कुणाशी न बोलता परत येई आणि मुळ्या माळवदावर कपड्याखाली वाळवून पितळेच्या डब्यात भरून ठेवी. आबांनासुद्धा झाड कोणतं ते माहीत नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. त्यांच्या आईनं ते सुनेला सांगितलं होतं, मुलाला नाही. आबांना डबा माहीत होता. त्या डब्यातून निघणारी पिवळी मुळी घेऊन त्यांनी निम्म्या जिल्ह्यात नाव कमावलं, आणि ती जमिनीतून कशी निघते हे बघायला कधी वाकले नाहीत.

आता आमचे सर. मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा ते आमच्या कॉलेजात नव्यानं आले. शिकायला बाहेरच्या देशात राहून आलेले, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "यू सी." आपण मराठवाड्यात पडलो हा आपल्यावर अन्याय आहे असं त्यांना वाटे. तो अन्याय दूर व्हायचा तर काहीतरी नवं शोधून दाखवायला हवं होतं. एक दिवस त्यांनी वर्गात विचारलं, कुणाकुणाच्या घरी झाडपाल्याचं औषध आहे? अर्ध्या वर्गानं हात वर केले. पुढच्या सोमवारी टेबलावर सालींचा नि पाल्यांचा ढीग पडला. ज्याचं नाव कळलं ते सर पुस्तकात बघत, त्यावर आधीच कुणीतरी काम केलेलं असे, आणि सरांचा चेहरा पडे. मी म्हटलं, आमच्या मुळीला नाव नाही. त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आता मला बसायला खुर्ची देतील.

आबांची परवानगी मी घाबरत घाबरत मागितली. ते चटकन हो म्हणाले. "सायबाला म्हणावं, तपास. आमचं काय जातंय? पण नाव इचारायचं न्हाई." सरांचंही तेच म्हणणं होतं. नाव नसणं दोघांच्याही सोयीचं होतं. एकाचं दुकान त्यावर चालत होतं, दुसऱ्याला ते उघडायचं होतं. काकूनं डब्यातल्या मूठभर मुळ्या कागदात बांधून माझ्या हातात दिल्या. देताना म्हणाली, "काहून एवढं खटाटोप? जे काय व्हायचं ते पोटात व्हतंय, नळीत काय व्हनार?" या प्रकरणात कुणी बोललेलं हे सर्वांत समंजस वाक्य होतं, आणि अर्थातच त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

मुळ्या कुटल्या मी, वजन केलं मी, काचेच्या भांड्यात अल्कोहोल तापवून त्यांचा अर्क काढायला लावला तोही मीच. गुळगुळ आवाज करत अल्कोहोल वर चढायचं, भुकटीतून झिरपायचं आणि भसकन खाली उतरायचं, आणि दर उताराला खालच्या चंबूतला रंग गडद होत जायचा. झळझळीत पिवळा. सर त्या चंबूपुढं उभे राहिले ते हलेनात. कागदाच्या पट्टीवर त्यांनी एक थेंब सोडला, पट्टीचं टोक द्रावणात बुडवलं, आणि वर चढलेला तो पिवळा पट्टा खिडकीशी धरून त्यांनी मला सांगितलं की हे आजवर कुणी पाहिलेलं नाही. सरांना हळदीचा वास आला नाही का, असं तुम्ही विचाराल. आला. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी सांगितलं की मुळी सुगंधी आहे. पुढच्या चाचण्या त्यांनी मला बाजूला करून स्वतः केल्या, कारण आता ते विद्यार्थिनीचं काम राहिलं नव्हतं. मग तो कागद टाइप झाला. या मुळीत एक तेजस्वी पिवळं द्रव्य आहे, ते अल्कोहोलमध्ये विरघळतं, क्षाराबरोबर गडद लाल होतं, त्याचं वर्णन पूर्वी झालेलं दिसत नाही, आणि यकृतावरचा गुण कदाचित त्याचाच असावा. त्या कागदावर अजूनही हेच आहे, मोठा करून वाचा.

कागद द्यायला सर स्वतः आमच्या गावी आले. ओट्यावर सतरंजी टाकली होती, आबांनी ठेवणीतला फेटा बांधला होता. वडिलांना इंग्रजी वाचून अर्थ सांगायला बसवलं. ते "कदाचित" म्हणाले तसे आबा म्हणाले, "ते कदाचित गाळ रे. सायेब एवढा लांबून आला, कदाचितसाठी आला व्हय?" सर हसले आणि त्यांनीही ते गाळू दिलं. जेवायला ज्वारीची भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी आणि घेटुळीची पातळ भाजी होती. घेटुळी म्हणजे बांधावर, रस्त्याच्या कडेला, उकिरड्याशेजारी कुठंही पसरणारं एक फालतू रोपटं. शेळ्या खातात आणि पावसाळ्यानंतर आम्हीही खायचो. सरांनी ती दोनदा वाढून घेतली. म्हणाले, "कसली हो ही भाजी? फार छान आहे." आतल्या दारातून काकू म्हणाली, "गरिबाची भाजी हाय, सायेब. नाव सांगन्याजोगं काय न्हाई." आणि पदराचा बोळा तोंडात धरून ती आत गेली. मला वाटलं ती लाजली.

कागद चौकटीत जाऊन भिंतीवर चढला, त्याखाली रविवारची गर्दी वाढली. वाचता कुणाला येत नव्हता, पण सही दिसायची.

मी सुट्टीला घरी आले तेव्हा हळद शिजवण्याचे दिवस होते. कुसुम वहिनी मला दारात दिसली नाही, तेव्हाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. वहिनी म्हणजे आबांच्या मुलाची, आमच्या दादाची बायको. आखाडा बाळापूरची, माझ्याहून थोडीच मोठी, आणि जिभेला हाड नसलेली. कॉलेजात प्रयोग चालू असताना मी आले की म्हणायची, "वन्सं, काय सापडलं नळीत? नवरा सापडला का एखादा?" त्या घरात हसण्याचा आवाज यायचा तो तिच्यामुळं. तिला दिवस गेले होते, पोट चांगलं दिसायला लागलं होतं. ती आतल्या खोलीत निजलेली होती आणि माझ्याकडे तिनं पाहिलं तर डोळे लिंबासारखे पिवळे. मला बघून म्हणाली, "या वन्सं. बघा, हळद माझ्यातबी शिजून राहिली." तेवढं बोलूनही तिला दम लागला.

मुळी चालू होती. पथ्य तर इतकं कडक की तिची चूल गोठ्याशेजारी मांडली होती. तिचं ताट, तिची वाटी, तिचा तांब्या, सगळं नवं आणि वेगळं. हळदीच्या हातानं कुणी शिवायचं नाही. तरी वहिनी खंगत चालली होती. दिवसभर ग्लानीत असे, अन्न पाहिलं की ओकारी येई, आणि अधूनमधून दादाला दुसऱ्याच कुठल्या नावानं हाक मारी. बाळंतपणाच्या आधीची कावीळ ही वेगळी गोष्ट असते, ती आईला नेते आणि बाळालाही, एवढं मी ऐकलेलं होतं. मी आबांना म्हटलं, नांदेडला नेऊ.

आबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ज्या वट्यावर सारा मुलूख बरा व्हायला येतो त्या घरची सून सरकारी दवाखान्यात निजवू? लोक तोंडात शेन घालतील."

"आबा, ती बरी होऊन राहिली नाही. दिसतंय ना?"

"मुळीला येळ लागतो." मग त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "आन् तू कुन्या तोंडानं बोलती? तुझ्याच सायबानं लिवलंय. वाच की. तुला तर येतंय."

दादा तिथंच खांबाला टेकून उभा होता. तो आबांचा मुलगा होता, याहून अधिक त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. तो म्हणाला, "आबा म्हनतेत तर बराबर असंन." त्या घरातले पुरुष एका कागदावर माझ्या वहिनीचा जीव टांगून बसले होते, आणि त्या कागदासाठी मुळ्या कुटल्या होत्या मी. मी परसात गेले आणि हाताला काहीतरी काम हवं म्हणून वहिनीची उष्टी भांडी घासायला बसले.

त्यात तिची औषधाची वाटी होती. पांढरी, चिनीमातीची, त्यातच मुळी उगाळून ताक घालून देत. कडेला पिवळा ओघळ वाळून बसला होता आणि राखेनं निघत नव्हता, म्हणून मी कपडे धुवायचा साबण घेतला आणि कडेवर घासला. ओघळ लाल झाला. कुंकवासारखा. ज्यानं आमटीचा डाग पडलेला कपडा एकदा तरी साबणानं धुतला आहे त्याला यापुढचं सांगायला नको. पण त्या वाटीत आमटी कधीच गेली नव्हती. हळद त्या वाटीच्या वाऱ्यालाही उभी राहू दिली नव्हती. मी वाटी हातात धरून बसले आणि मला तो कागद तोंडपाठ आठवला: क्षाराबरोबर गडद लाल होतं. बाहेरच्या देशात शिकून आलेल्या माणसानं हे आपल्या शोधाचं लक्षण म्हणून लिहिलं होतं. त्या माणसानं जन्मात आपला शर्ट धुतला नव्हता.

काकू कढईच्या जाळाशी होती. मी तिला बाजूला घेतलं आणि वाटी दाखवली. "काकू, मुळीला हळद कुठून लागते?"

"लागती कुठून? मीच लावती."

"का?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू शिकून मी आणखी मठ्ठ झाले होते. "आवतन द्याया नको का झाडाला? आदल्या दिशी सांजच्याला जायाचं, हळद-कुकू वाहायचं, म्हनायचं, बाई, उद्या तुला न्यायला येनार हाय, राग धरू नको. मग उपटली की धुवायची न्हाई, हळदीत लोळवायची. सवाष्नीसारखी आनायची घरात. तुझ्या आजीनं सांगितलं तसंच करती मी."

"मग ती मुळी मुळात पिवळी नाही?"

"कुठली पिवळी? चल, दाखवती."

घराच्या मागच्या बांधावर तिनं मला नेलं आणि पायानं एक रोपटं दाखवलं. घेटुळी. सरांनी दोनदा वाढून घेतली ती. मी ती हातानं खणली, हळद न वाहता, आवतण न देता. लांब, मातकट, आतून पांढरी मुळी निघाली. त्यावर पिवळ्याचा मागमूस नव्हता. मी इतकी चिडले होते की मला हसूही येईना. काकूला मात्र एक गोष्ट माझ्याही आधी लक्षात आली. ती बांधावर उभी राहून हळूच म्हणाली, "म्हंजी इकडं पथ्य हळदीचं, आन् मी रोज हळद पाजून राहिली पोरीला." त्या घरात पथ्य आबांचं होतं आणि मुळी काकूची, आणि इतक्या वर्षांत त्या दोघांनी एकमेकांच्या कामात कधी डोकावलं नव्हतं. आबा हळदीचं पथ्य सांगत ते ओट्यावर, आणि ओट्यावर घरच्या बायका येत नसत. वहिनी आजारी पडेपर्यंत ते पथ्य घरात कधी आलंच नव्हतं.

हळदीनं वहिनीला अपाय झाला नाही, आणि मुळीनं उपायही नाही. तिचा आजार आपल्या वाटेनं चालला होता. पण ते आबांना सांगण्यात अर्थ नव्हता. काकू सरळ सोप्यात गेली. हात न धुता, कपाळावरचा घाम न पुसता. आबा पान लावत होते. तिनं ती मातकट मुळी त्यांच्या पानाच्या तबकात टाकली आणि शेजारी डब्यातली पिवळी ठेवली.

"ही वळखा."

"काय हाय हे?"

"तुमची मुळी. ही रानातली, ही माझ्या हातची. मधी फरक हाय तो हळदीचा."

मी डब्यातली मुळी पाण्यात बुडवून तबकातल्या चुन्यावर टेकवली. चुना लाल झाला. आबांनी ते बघितलं, मुळी उचलली, जिभेला लावली आणि थुंकले. बाहेर पिंप घरघरत होतं. मग ते काकूला म्हणाले, "सांगितलं काहून न्हाई?"

"तुमी इचारलं कवा?"

विज्ञानाचा विजय झाला असं समजू नका. मी तोंड उघडायला गेले, की सरांचा कागद खोटा आहे, मुळीत काही नाही. काकूनं माझा दंड असा दाबला की बोटं उमटली. आणि आबा, आम्हा दोघींकडे न बघता, हळूहळू त्यांच्या वाटेनं तिथंच येऊन पोचले जिथं आम्हाला त्यांना न्यायचं होतं. "औषध बाटलंय," ते म्हणाले. "पथ्य मोडलंय. म्हनून गुन येईना. बाटलेल्या औषधावर लेकराला ठेवता येत न्हाई." मग दादाकडे बघून, जणू इतका वेळ तोच उशीर करत होता, "उभा काय राहिलास? ट्रॅक्टर काढ."

उसाच्या ट्रॉलीत गाद्या टाकून आम्ही वहिनीला वसमतला नेलं आणि तिथून एसटीनं नांदेडला. वाटेत एकदा तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "आबा हो म्हनले?" मी म्हटलं, हो. "मंग माझं काय खरं न्हाई," ती म्हणाली आणि पुन्हा ग्लानीत गेली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पापणी ओढून पाहिली, आमच्याकडे पाहिलं, आणि इतके दिवस काय करत होतात असं विचारलं. दादानं मुळीबद्दल सांगायला सुरुवात केली. त्यांनी ऐकूनही घेतलं नाही. त्या बाईंचा तिरस्कार मी आयुष्यभर आदर्श म्हणून बाळगला. वहिनी कितीतरी दिवस तिथं होती. बाळ वेळेच्या आधीच झालं, मांजराच्या पिलाएवढं, कापसात गुंडाळून दिव्याखाली ठेवलेलं. दोघं जगली. कशानं जगली हे मला नक्की सांगता येणार नाही, आणि ज्यांना नक्की सांगता येतं त्यांच्याबद्दल माझं मत तुम्हाला एव्हाना कळलं असेल.

कॉलेज उघडल्यावर मी सरांकडे गेले. बरोबर स्वच्छ धुतलेल्या मुळ्या नेल्या होत्या. परवानगी न विचारता मी सगळं पहिल्यापासून केलं. अर्क निघाला तो चहाच्या चोथ्यासारखा. पट्टीवर पिवळा पट्टा आला नाही. थोडे क्षार, थोडी साखर, अल्कलॉइडचा किंचित अंश, कुठल्याही पालेभाजीच्या मुळाशी सापडेल असा ऐवज. शेजारी मी घरची हळद चालवून दाखवली, तिचा पट्टा सरांच्या शोधाच्या पट्ट्याशेजारी, नेमका त्याच उंचीवर जाऊन बसला. सरांनी दोन्ही पट्ट्या पाहिल्या. म्हणाले, "यू सी, पारंपरिक प्रक्रियेनं द्रव्याचे गुण बदलतात." मी म्हटलं, सर, ती प्रक्रिया नाही, ते हळद-कुंकू आहे. त्यावर त्यांनी माझ्या पट्ट्या टेबलाच्या खणात ठेवल्या आणि खण लावला. त्यांची पुढं मोठ्या शहरात बदली झाली, तेव्हा निरोपाच्या भाषणात त्या शोधाचा उल्लेख होता.

आबांना मी तोच निकाल सांगितला. ते म्हणाले, "आवतन न देता उपटली. रागावलेलं झाड काय देनार तुला?" मला त्या दोघांना एकदा एकाच खोलीत कोंडायचं होतं. एक म्हणतो हळद लावली म्हणून गुण बदलला, दुसरा म्हणतो हळद वाहिली नाही म्हणून गुण गेला. त्यांचं चांगलं जमलं असतं.

पथ्यासाठी आबांनी मुळीला हळद लावणं बंद करवलं. काही रविवार धुतलेली, मातकट मुळी वाटली. लोकांनी ती हातात घेऊन उलटीपालटी केली. औंढ्याचा एक म्हातारा सरळ म्हणाला, "आबा, ही तकलादू हाय. आमच्या पोराला दिली ती पिवळी व्हती. ती काढा." गर्दी कमी व्हायला लागली. मग एका अमावास्येला काकू पुन्हा हळदीची पुडी घेऊन बांधाकडे गेली, आणि आबा त्या संध्याकाळी मुद्दाम दुसऱ्या दिशेला फिरायला गेले. हळदीचं पथ्य मात्र त्यांनी चालू ठेवलं.

हल्ली मोठमोठ्या प्रयोगशाळा घेटुळीवर काम करतात, तिचं संस्कृत नाव घेतात, तिच्यातली द्रव्यं वेगळी काढतात. ईशान, तू मला असा एक लेख पाठवलास, मी तो शेवटपर्यंत वाचला. त्यात तथ्य असेलही. त्या रोपट्याशी माझं वैर नाही. माझं म्हणणं एवढंच, की त्याच्यात काय आहे हे आमच्याकडे कुणी त्याला विचारलंच नाही. प्रत्येकानं आपल्या हातचा रंग त्याला फासला आणि मग तो रंग बघून डोळे विस्फारले. तुम्ही रसायनशास्त्र शिका किंवा शिकू नका, पण आधी वस्तू धुऊन घ्यायला शिका.

आबा गेले, काकू गेली, हळदीची कढई मोडीत गेली. चौकटीतला कागद सोप्याच्या भिंतीवर आहे; कडा वाळवीनं खाल्ल्या आहेत, सही शाबूत आहे. घेटुळी बांधावर आहे. कुसुम वहिनी आहे, दात नाहीत पण जीभ आहे, परवा फोनवर मला म्हणाली, "वन्सं, अजून सापडला न्हाई का वं नळीत कुनी?" आणि दिव्याखाली कापसात ठेवलेलं ते पिलूही आहे. तोच तुमचा मुकुंद. तो दर रविवारी त्याच ओट्यावर बसून काविळीचं औषध देतो, आणि मुळी पिवळी असते.